घरचे सॉसेज : मसाला आत, आतडं मात्र कोरंच. चव कशी आणायची?

खलबत्ता · ११ जानेवारी

नमस्कार मंडळी,

गेल्या पावसाळ्यापासून घरी सॉसेज करतोय. आतापर्यंत चार वेळा झाले, तीनदा पोर्कचे आणि एकदा चिकनचे. भरायला नैसर्गिक आतडी वापरतो, डुकराची, मिठात खारवून पाकिटात येतात ती. सारण आता जमायला लागलंय, घरचे मागून घेतात. पण एक गोष्ट दर वेळी खटकते. तव्यावर भाजून पहिला घास घेतला की दाताखाली आधी आतडं येतं आणि ते अगदी कोरं लागतं. कधीकधी त्याला ओल्या दोरखंडासारखा हलका वासही असतो. मग आतला मसाला जिभेवर येतो आणि सगळं ठीक होतं. मला तो पहिला क्षण सुधारायचा आहे.

आतडी फळांच्या रसात भिजवली की चव धरतात असं कोणीतरी सांगितलं, म्हणून मागच्या शनिवारी ताज्या अननसाच्या रसात रात्रभर ठेवली. सकाळी उचलायला गेलो तर बोट लागेल तिथे विरत होती. दीड किलो सारण तयार आणि भरायला काहीच नाही. त्याचे कबाब करून संपवले.

तर आतड्याला स्वतःची चव देता येते का? भिजवताना द्यायची, भरल्यावर, की शिजवताना? गोव्याकडची, वसईची मंडळी इथे आहेत, तुमच्याकडे तर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. जरा सविस्तर सांगा.

तिखटमीठ · ११ जानेवारी

वाचतेय. माझाही एक प्रश्न घ्या. चिकनच्या सॉसेजसाठी डुकराची आतडी आमच्या घरी चालणार नाहीत. बकऱ्याची किंवा मेंढीची वापरता येतात का?

बुरशी · ११ जानेवारी

खलबत्ता, अननसाचं आधी सांगते. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं. कच्च्या पपईतलं पपेनही तेच करतं, म्हणून तर मटण शिजायला आपण पपई लावतो. आणि स्वच्छ केलेलं आतडं म्हणजे जवळजवळ नुसतं कोलॅजन, म्हणजे प्रथिनच. लहान आतड्याला बरेच थर असतात. आतला बुळबुळीत थर आणि बाहेरचे स्नायू खरवडून काढले की मधला एक पातळ, पारदर्शक पडदा उरतो. पाकिटात येतो तो हाच. त्याला विकरात रात्रभर ठेवलंत तर दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. डबाबंद अननस उष्णता दिलेला असतो, त्यातलं विकर मेलेलं असतं. पण तोही वापरावा असं मी म्हणणार नाही, कारण गोडी तव्यावर करपते.

कोरं का लागतं? कोलॅजनला स्वतःची चव नसतेच. शिवाय मसाल्यातला सुवास आणि मिरचीचा रंग बराचसा तेलात विरघळणारा असतो, तो पाण्यात भिजवून पडद्यात शिरत नाही. पाण्यात विरघळतं ते शिरतं: मीठ, आंबट, थोडा अल्कोहोल. आणि धूर बसतो. म्हणजे तुमच्या हातात खरी अवजारं दोनच आहेत, आंबट आणि धूर.

तिखटमीठ, मेंढीची आतडी उत्तम. बारीक असतात, साधारण १८ ते २८ मिलिमीटर, आणि खाताना जाणवतही नाहीत. डुकराची त्याहून जाड, ३० च्या पुढे. पाकिटावर प्राण्याचं नाव नसेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा.

माडाखाली · १२ जानेवारी

मी गोव्यातल्या बार्देशातली. लग्न होऊन आले तेव्हा चोरीस, म्हणजे आमचे गोव्याचे वाळवलेले सॉसेज, खायला येत होते, करायला नाही. सगळं सासूबाईंकडे शिकले. आज त्या नाहीत, म्हणून लिहूनच ठेवते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

खलबत्ता, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे थोडं वेगळं आहे. चोरीस शिजवताना आम्ही बहुतेक वेळा दोरा कापून, आतड्यातून मांस दाबून बाहेर काढतो आणि आतडं टाकून देतो. काही घरांत तसंच शिजवतात आणि खातातही. पण आतडं हे आमच्यासाठी खाण्यापेक्षा मुरवण्याचं भांडं जास्त. लोणच्याला बरणी तसं. फरक एवढाच की ही बरणी श्वास घेते. आतलं पाणी बाहेर जाऊ देते, चुलीवरचा धूर आत घेते. प्लॅस्टिकच्या नळीत चोरीस होत नाहीत ते यामुळे.

करण्याचे दिवस म्हणजे पाऊस गेल्यानंतर, आणि खरा जोर जानेवारी ते मे. मे महिन्यात आमच्याकडे पुरुमेंताची फेस्तं भरतात, पावसाळ्याची बेगमी करायची म्हणून. सुकी मासळी, मिरच्या, सोलं, कांद्याच्या माळा आणि चोरीस. पुरुमेंत हा शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’वरून आला, त्याचा अर्थ बेगमीच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तर वर्षभर लाल माळा टांगलेल्या दिसतात.

आता कृती. २ किलो डुकराचं मांस, खांद्याचं आणि पोटाकडचं मिळून, त्यात तिसरा हिस्सा चरबी हवी. खिमा करायचा नाही. बोराएवढे तुकडे, सगळे सुरीने. त्याला ६० ग्रॅम जाडं मीठ चोळायचं आणि भोकाच्या भांड्यात घालून वर पाटा किंवा जड दगड ठेवायचा. दुसऱ्या दिवशीपर्यंत खाली गुलाबी पाणी साचतं, ते टाकायचं. सासूबाई मूठभर तुकडे हातात घट्ट दाबून बघायच्या. बोटांच्या फटीतून ओलावा आला तर आणखी एक रात्र दगडाखाली. ही पायरी घाईत उरकली की पुढे कितीही मसाला घाला, चोरीस आतून फुळकवणी लागतात.

मसाला वाटायला पाण्याचा थेंबही नाही. माडाच्या सुरेचा, म्हणजे माडीचा शिरका, तोच घालत वाटायचं. साधारण ५० ग्रॅम सुक्या मिरच्या, अर्ध्याहून जास्त काश्मिरी आणि बाकी आमच्या गावठी. ६० ग्रॅम लसूण, त्याहून थोडं कमी आलं, दोन चमचे मिरी, एक चमचा जिरं, पंधराएक लवंगा, दोन बोटं दालचिनी, हळद, चिमूटभर साखर. पाव लिटरहून थोडा जास्त शिरका लागतो. वाटण एवढं बारीक हवं की दोन बोटांत चोळलं तर कण लागू नये. शेवटी एक छोटा पेला काजूची फेणी. मांसात कालवून चिनी मातीच्या बरणीत तीन दिवस, रोज कोरड्या लाकडी चमच्याने वरखाली करायचं. पूर्वी बरणी अंधाऱ्या खोलीत राहायची, मी फ्रीजमध्ये ठेवते.

आणि आतडी. मिठाची असतील तर मीठ धुऊन तासभर कोमट पाण्यात. मग नळाच्या तोंडाला एक टोक लावून आतून पाणी सोडायचं. आतडं फुगून पारदर्शक नळी होते आणि कुठे भोक असेल तर तिथून बारीक धार उडते, लगेच कळतं. नंतर शिरका आणि पाणी निम्मेनिम्मे, त्यात एक चमचा फेणी आणि थोडी हळद, यात वीस मिनिटं. तुम्ही म्हणता तो दोरखंडाचा वास इथेच जातो. याहून जास्त वेळ ठेवू नका, आंबटात आतडं फुगतं आणि मऊ पडतं.

भरताना बोटाने ढकलत जायचं, नरसाळं लावलं तरी शेवटचं दाबणं बोटानेच. सुपारीपेक्षा थोडा मोठा मणी झाला की सुती दोऱ्याने गाठ, पुन्हा मणी, पुन्हा गाठ. जपमाळेसारखी माळ तयार होते. बारीक सुईने प्रत्येक मण्याला एकदोन टोचे मारायचे, आतली हवा जाते. मग कडक ऊन, संध्याकाळी आत, आणि रात्री चुलीवरच्या काठीला. आमच्या चुलीत नारळाची सोडणं आणि करवंट्या असायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी मणी आकसतात, सुरकुततात, पांढरा दोरा नारिंगी होतो आणि खाली घातलेल्या कागदावर तेलाचे लाल ठिपके पडायला लागतात. ते ठिपके दिसले की सासूबाई म्हणायच्या, आता आतलं बाहेर पोचलं. बुरशीताईंनी मिरचीचा रंग तेलात विरघळतो असं लिहिलं ना, मला एकदम तो कागद आठवला. चव बाहेरून आत पाठवायची नसते, आतून बाहेर येऊ द्यायची असते, आणि त्याला दिवस लागतात.

तोंडली · १२ जानेवारी

ताई, तोंपासु! वाचनखूण साठवली. सुरेचा शिरका पुण्यात मिळत नसेल तर काय?

माडाखाली · १२ जानेवारी

उसाचा किंवा सफरचंदाचा आंबवलेला शिरका घ्या. दुकानातला पांढरा, रसायनापासून केलेला मात्र नको. तो नुसता टोचतो, त्यात मागे राहणारी गोडसर चव नसते. पोर्तुगीज लोक मूळ शोरिसोत, म्हणजे त्यांच्या सॉसेजमध्ये, वाईन घालतात. आमच्या लोकांनी तिच्या जागी माडाचा शिरका आणला, आणि अमेरिकेतून आलेली मिरची घातली. म्हणून आमचे चोरीस त्यांच्यापेक्षा आंबट आणि तिखट.

चुन्याचीडबी · १३ जानेवारी

मी सोलापूरची. सॉसेज कधी केले नाहीत, पण वजडी आयुष्यभर साफ केली, म्हणून आतड्याच्या बाजूने बोलते. तिखटमीठताई, खाटकाकडून बकऱ्याची ताजी आतडी आणून घरी साफ करता येतात. एक अट, त्याच दिवशी कापलेल्याची हवीत. दुसऱ्या दिवशीच्या आतड्याचा वास कशाने जात नाही.

उलटं करायची सोपी रीत अशी. एका टोकाला बाहीसारखी दोन बोटं घडी घालायची, घडीचा खिसा होतो. त्या खिशात तांब्याने पाणी ओतत राहायचं. पाण्याच्या वजनाने आतडं आपोआप आत ओढलं जातं आणि सरसर उलटतं. काडी घालून ओढलं तर फाटतं. उलटं झाल्यावर पाटावर पसरून बोथट सुरीच्या पाठीने खरवडायचं, वरून खाली, एकाच दिशेने. पिवळट चिकट थर निघत जातो. खाली जे राहतं त्यातून पाटाच्या रेघा दिसल्या पाहिजेत. मग जाडं मीठ आणि थोडं बेसन लावून चोळायचं, धुवायचं. लिंबू शेवटी. असं तीन वेळा.

वजडीला आम्ही चुना लावतो, पण तो पोटाच्या जाड भागाला, काळी साल सुटायला. आतड्याला चुना लावू नका. मी एकदा लावला होता, जेलीसारखं झालं.

आणि माझं मत सांगायचं तर साफ आतड्याला वास नसतो. वास येतो याचा अर्थ खरवडणं अर्धवट झालंय. त्यावर वास चढवण्यापेक्षा पुन्हा साफ करा.

खलबत्ता · १३ जानेवारी

चुन्याचीडबी, खिशात पाणी ओतायचं वाचून लगेच करून पाहिलं, पाकिटातल्या एका तुकड्यावर. अप्रतिम. आतून बघितलं तर खरंच एका बाजूला पिवळसर रेषा राहिली होती. मी आजवर नुसतं वरून धूत होतो.

माडाखाली ताई, तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला. पण मला तव्यावर भाजून, आतड्यासकट खायचे सॉसेज हवेत. त्यांना चार-पाच दिवसांचं ऊन देता येणार नाही, सारण ताजंच राहायला हवं. तिथे काय करू?

बर्फातलाकांदा · १४ जानेवारी

जर्मनीतून लिहितोय, न्युर्नबर्गला नऊ वर्षं आहे. इथली ब्राटवुर्स्ट ही तुमच्याच जातीची, आतड्यासकट भाजून खायची. इथल्या छोट्या सॉसेजला २००३ पासून युरोपीय भौगोलिक संरक्षण आहे: लांबी ७ ते ९ सेंटिमीटर, वजन २० ते २५ ग्रॅम, आतडं मेंढीचं. मसाल्यात मारजोरम ही वनस्पती हवीच, आपल्या ओव्याच्या पानाकडे थोडी झुकणारी तिची चव असते.

आतड्याचा मान इथे किती आहे ते सांगतो. शेजारच्या थ्युरिंगिया प्रांतातल्या ब्राटवुर्स्टचा सर्वांत जुना लेखी उल्लेख १४०४ सालचा आहे, आर्नश्टाट गावातल्या जोगिणींच्या मठाच्या हिशेबवहीतला. तो उल्लेख मांसाचा नाही, मसाल्याचा नाही. ब्राटवुर्स्टसाठी आतडी घेतली, १ ग्रोशेन (तेव्हाचं नाणं), एवढीच नोंद. मला ती ओळ फार आवडते.

खलबत्ता, तुमच्या प्रश्नाला इथे एक थेट उत्तर आहे. ‘झाउरं झिप्फेल’ म्हणून एक प्रकार करतात, आंबट टोकं असा त्याचा अर्थ. कच्ची सॉसेज भाजत नाहीत. भरपूर कांद्याच्या चकत्या, शिरका, थोडी पांढरी वाईन, तमालपत्र, मिरी, जुनिपरची फळं, मीठ-साखर असं पाणी उकळून घेतात, आच मंद करतात आणि त्यात सॉसेज सोडून वीसेक मिनिटं ठेवतात. पाणी उकळता कामा नये, ८० अंशांच्या आत. उकळलं की आतडं तडकतं. आंबटामुळे आतड्याला निळसर झाक येते, म्हणून काही लोक त्यांना निळी टोकं म्हणतात. त्यात आतडं कोरं लागत नाही, पहिली चव आतड्याचीच येते, आंबट आणि कांद्याची. मग गरम पाण्यासकट, कांद्यासकट वाडग्यात वाढतात. हिवाळ्यात मी दर पंधरवड्याला करतो.

तुम्ही हेच पाणी आपल्या मसाल्याचं करा, मग पुसून तव्यावर रंग द्या.

सुकेळी · १५ जानेवारी

वसईकर. आमच्याकडे ताजे सॉसेज बॉटल मसाल्यात करतात. हा मसाला उन्हाळ्यात भाजून कुटून, दाबून दाबून गडद रंगाच्या बाटल्यांत भरतात, बिअरच्या रिकाम्या बाटल्या असायच्या, म्हणून हे नाव. त्यात मिरच्या, धणे, तीळ, खसखस, मोहरी, गहू, हरभराडाळ, दगडफूल, नागकेशर असे वीसहून जास्त जिन्नस असतात. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि कोणी सहजासहजी सांगत नाही.

माडाखाली ताईंशी एका बाबतीत माझं जुळत नाही. आतडं टाकून देणं मला पटत नाही. माझी आई चोरीस अख्खे मणीच शिजवायची, बुडतील इतकंच पाणी घालून, मंद आचेवर, पाणी आटून चरबी सुटेपर्यंत. मग त्याच चरबीत मणी परतायचे. आतडं आधी पाण्यात मऊ होतं, मग स्वतःच्या तेलात तळलं जातं आणि कुरकुरीत होतं. त्यातच बारीक कांदा, बटाट्याच्या फोडी. खलबत्ता, ताज्या सॉसेजनाही हीच रीत लावून बघा. थेट तापलेल्या तव्यावर टाकलं की आतडं आकसून चामडं होतं आणि मग ते कोरं जास्त जाणवतं.

बुरशी · १५ जानेवारी

धागा छान चाललाय, पण एक गोष्ट आत्ताच लिहायला हवी. मी खाद्यतंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

बोट्युलिझम या विषबाधेचं नावच सॉसेजवरून पडलंय. लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणजे सॉसेज. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने १८२० च्या दशकात ‘सॉसेजच्या विषा’चं पहिलं सविस्तर वर्णन केलं, आणि त्यामागचा जंतू १८९७ मध्ये बेल्जियमच्या व्हान एर्मेंगेमने शोधला. हा जंतू हवा नसलेल्या जागी वाढतो. आतड्यात घट्ट भरलेलं, कमी मिठाचं, कोमट ठेवलेलं मांस ही त्याची आवडती जागा. वास, रंग, चव यातून विष कळत नाही.

म्हणून ताजे सॉसेज, म्हणजे खलबत्ता करतात तसे, दीड ते पावणेदोन टक्के मिठाचे, हे कधीही उन्हात किंवा कोमट धुरात तासन्‌तास ठेवू नका. भरायचे, फ्रीजमध्ये एक रात्र, शिजवायचे किंवा गोठवायचे. आत ७१ अंश, चिकन असेल तर ७४. काडी-थर्मामीटर घ्या, अंदाज नको.

वाळवायचे किंवा धुरवायचे असतील तर क्युअरिंग मीठ, म्हणजे या जंतूला रोखणारं नायट्राइट मिसळलेलं मीठ. बाजारात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असलेलं मिळतं, त्याचं प्रमाण १ किलो मांसाला २.५ ग्रॅम. चमच्याने नाही, ग्रॅमच्या काट्यावर. जास्त पडलं तर ते स्वतःच विष आहे. आणि हे सर्वांत महत्त्वाचं: ते मुद्दाम गुलाबी रंगवलेलं असतं, साध्या मिठात मिसळलं जाऊ नये म्हणून. आपल्या स्वयंपाकघरात गुलाबी सैंधव असतं. दोन्ही पूर्ण वेगळी. सैंधवाने मांस सुरक्षित होत नाही, आणि क्युअरिंग मीठ चुकून कोशिंबिरीत गेलं तर दवाखाना गाठावा लागेल. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

माडाखाली · १६ जानेवारी

बुरशीताई, तुमचं वाचून रात्री बराच वेळ विचार करत होते. आमच्या घरी कधी कोणाला बाधा झाली नाही. आमच्याकडे मीठ दुप्पट, शिरका भरपूर, पाणी दगडाखाली आधीच काढलेलं, आणि मणी छोटा म्हणून पटकन वाळतो. शिवाय नीट शिजवल्याशिवाय कोणी खात नाही. पण काही जुन्या घरांत मांसाला सोरा, म्हणजे नायट्रेटचा क्षार, लावायचे हे मला माहीत आहे, आणि तो कशासाठी हे आज कळलं. मी समजत होते की लाल रंग टिकावा म्हणून. या वर्षीपासून मोजून क्युअरिंग मीठ घालीन. आमचं उन्हाळ्यातलं हवामानही पूर्वीचं राहिलेलं नाही, मार्चमध्येच घाम फुटतो.

आणि सुकेळी, आईंची रीत मला आवडली. पुढच्या खेपेला एक माळ अख्खी शिजवते.

खलबत्ता · ८ फेब्रुवारी

मंडळी, केलं! गेल्या शनिवार-रविवारी. जसं झालं तसं लिहितो.

पोर्क ३ किलो, चरबी साधारण ३० टक्के, मीठ १.७ टक्के. मसाल्यात लसूण, मिरी, धणे, काश्मिरी मिरची, जायफळ, थोडा शिरका. मांस आणि भांडं दोन्ही बर्फगार करून, मीठ घालून एवढं मळलं की गोळा तळहाताला चिकटून उलटा लटकला. आतडी आठ मीटर काढली होती, सहा लागली, म्हणजे किलोला २ मीटर धरा. सगळी उलटून सुरीच्या पाठीने खरवडली, दीड तास गेला. आतूनच थेट पाणी सोडलं तेव्हा दोन ठिकाणी धार उडाली, तिथे कापून टाकली.

मग तीन वाटे केले.

पहिला वाटा: आतडी नुसत्या पाण्यात भिजवलेली. चुन्याचीडबी, तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. खरवडल्यावर वास अजिबात नव्हता. चव मात्र कोरीच.

दुसरा वाटा: आतडी शिरका, पाणी, फेणी आणि हळदीत वीस मिनिटं. फेणी गोव्याहून आणलेली थोडी होती. आतडं भरताना जास्त लवचीक वाटलं, एकही फाटलं नाही. हळदीचा रंग किंचित धरला. चवीत मात्र फरक थोडा, खरं सांगायचं तर डोळे मिटून खाल्लं तरच कळतो. पण चावायला हा वाटा सर्वांत मऊ.

तिसरा वाटा: आतडी तशीच शिरक्यातली, पण भरून, एक रात्र फ्रीजमध्ये जाळीवर उघडी ठेवून, दुसऱ्या दिवशी आंबट पाण्यात. बर्फातलाकांदा यांच्या कृतीत वाईन आणि जुनिपर काढून त्याजागी ठेचलेली लसूण, चार हिरव्या मिरच्या, तमालपत्र, अख्खी मिरी आणि तीन मोठे कांदे घातले. पाण्याच्या एक चतुर्थांश शिरका. आच इतकी कमी की बुडबुडा येऊ नये, थर्मामीटर ७६ ते ७८ मध्ये धरून ठेवला. बावीस मिनिटांत आत ७१ झाले. निळसर झाक खरंच आली, बायको बघून दचकली. बाहेर काढून पुसले आणि सुकेळींच्या रीतीने तव्यात अर्धा कप तेच पाणी घालून, ते आटवून, सुटलेल्या चरबीत परतले. पाणी आटताना तळाला कांद्याचा आंबटगोड थर जमतो, तो आतड्याला चिकटतो आणि तपकिरी होतो.

पहिला घास घेतला. दाताखाली आतडं कट्‌कन तुटलं आणि सगळ्यात आधी आंबट, मग लसूण, मग आतला मसाला. मला हवं होतं ते हेच. आई सत्तर वर्षांची आहे, तिला आतडं चावत नाही म्हणून ती सोलून खायची. तिने तिसऱ्या वाट्यातलं अख्खं खाल्लं आणि आणखी एक घेतलं.

बर्फातलाकांदा · ८ फेब्रुवारी

वा! हिरवी मिरची घालायचं मला नऊ वर्षांत सुचलं नाही. येत्या रविवारी करतो. राहिलेलं आंबट पाणी टाकू नका, त्यातला कांदा भाकरीबरोबर खा.

सुकेळी · ९ फेब्रुवारी

आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, चरबी सुटायच्या आधी झाकण काढायचं, नाहीतर वाफेने आतडं पुन्हा मऊ पडतं. लिहून ठेवा.

तिखटमीठ · ९ फेब्रुवारी

मी या आठवड्यात मेंढीच्या आतड्यात चिकन करतेय. खलबत्ता, मेंढीचं आतडं पातळ आहे, तेवढ्याच वेळ शिरक्यात ठेवू का?

माडाखाली · ९ फेब्रुवारी

दहा मिनिटं पुरे, आणि शिरका चौथाई ठेवा. मध्येच एक तुकडा बोटावर चढवून ताणून बघा. बोटाची रेघ स्पष्ट दिसली आणि तरी ताणाला तुटलं नाही, की लगेच बाहेर काढा. काढल्यावर साध्या पाण्यातून एकदा फिरवा, आंबट थांबतं. आणि मणी लहान बांधा, चिकन लवकर कोरडं पडतं. कसे झाले ते इथे सांगा.